मोलकरणीनं स्वतः लिहिलेलं पुस्तक आहे का?

आहे ना, बेबी हालदारचं 'आलो आँधारि' वाचा. लहानपणीच लग्न, नवऱ्याची मारहाण, मग तीन पोरं घेऊन रेल्वेनं दिल्लीकडे आली आणि गुडगावला ज्यांच्याकडे झाडूपोछा करायची त्या प्रबोधकुमारांनी (प्रेमचंदांचे नातू) तिच्या हातात वही-पेन दिलं, २००२ ला हिंदीत पुस्तक आलं. नाहीतर कथा-कादंबऱ्यांत बाई बहुतेकदा चहा ठेवते नि जाते, तिचं घर दिसतच नाही. जळगावला आमच्याकडे भांडीवाल्या मावशींचा कानतुटका कप खिडकीत वेगळा असायचा, हे वाचल्यावर पहिल्यांदा तो कप मला खुपला. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी टिपून घेतलं म्हणून कविता उरल्या. मावशी भांडी घासताना अहिराणी ओव्या म्हणायच्या, मी एकही लिहून घेतली नाही, फार वाईट वाटतं.