कॉलेजच्या लॅबमधून २० मुलं एकाच आरस्टुडिओ सर्व्हरवर (आर ही आकडेमोडीची भाषा ब्राउझरमधून वापरायची सोय) बसली की तो अडकतो. रॅम १६ जीबी आहे. काय करावं?

नवीन मशीन घ्यायच्या आधी रिकाम्या सेशनकडे, म्हणजे कोणी वापरत नसताना चालू राहिलेल्या कामाकडे बघा. आर सगळा डेटा रॅममध्ये धरून ठेवतो. मुलगा ब्राउझर बंद करून एसटी पकडायला गेला, तरी त्याचं सेशन मागे जागंच असतं. डिफॉल्टने ते १२० मिनिटांनी झोपतं. इटीसी/आरस्टुडिओ फोल्डरमधल्या आरसेशन डॉट कॉन्फ फाइलीत 'सेशन-टाइमआउट-मिनिट्स' ३० करा आणि सर्व्हर रिस्टार्ट करा. सेशन झोपलं की त्याचा डेटा डिस्कवर उतरतो, रॅम मोकळी होते. परत लॉगिन केलं की काम होतं तिथून सुरू.

आम्ही यवतमाळकडे कपाशीच्या चाचण्यांचा डेटा असाच चालवतो. एकाच्या स्क्रीनवर मी त्याच फाइलीच्या सात प्रती पाहिल्या, डेटा१ ते डेटा७! मुलांना नको असलेला डेटा मेमरीतून काढणारी आरची 'आरएम' ही कमांड पहिल्याच दिवशी शिकवा, खरंच.

पॅकेजेस (आरची जोड-साधनं) सुडोने, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने एकदाच टाका, म्हणजे ती सगळ्यांना मिळतात. नाहीतर गावच्या नेटवर वीस जण तेच डाउनलोड करत बसतील.

आणि आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएसवर आलात की आधी 'आरस्टुडिओ-सर्व्हर फोर्स-सस्पेंड-ऑल' द्या, मगच मशीन बंद करा. चालू असलेलं गणित थांबेल, पण मेमरीतला डेटा वाचेल. ८७८७ पोर्ट (आरस्टुडिओ सर्व्हरकडे येण्याचा रस्ता) मात्र लॅबच्या नेटवर्कपुरताच उघडा ठेवा.