फ्लेक्स की कापड

प्रिय बाळा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, रिप्लाय टाइप करत बसलो तर लांबतच गेला, म्हणून हे पत्रच समज. ईस्टरसाठी वेदीमागचं कापड तू हाताने रंगवणार आणि चर्च कमिटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की एवढा खर्च कशाला, फ्लेक्स स्वस्तात होतो, उरलेल्या पैशात गरिबांना धान्य देऊ. तुला रडू आलं. साहजिक आहे. पण प्रश्न चुकीचा नाहीये गं, फक्त जुना आहे. बायबलमध्ये मार्क 14 काढ. त्या बाईने येशूच्या डोक्यावर सुगंधी तेल ओतलं तेव्हा लोक हेच कुरकुरले, की ते विकून तीनशेहून जास्त दिनार आले असते, गरिबांना देता आले असते. एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई एका झटक्यात ओतली! आणि येशू तिच्या कामाला जो शब्द वापरतो तो मूळ ग्रीकमध्ये 'कालोस' आहे, चांगलं पण आणि सुंदर पण. मात्र गरिबांचं भलं करा हेही तो तिथेच सांगतो, त्यामुळे हे वचन कमिटीच्या तोंडावर मारू नकोस. धान्यही द्यायचंच आहे.

आता तुझ्या कामाचं. निर्गम 31 मध्ये बसालेल नावाचा कारागीर आहे, सोनं-चांदी घडवणारा, लाकूड कोरणारा, आणि देव म्हणतो मी त्याला माझ्या आत्म्याने भरलंय. हातातल्या कसबासाठी आत्मा! पण पान उलटलं की 32 व्या अध्यायात सोन्याचं वासरू उभं. सोनं तेच, लोक तेच, फक्त आता देवाची जागा त्या सोन्यानेच घेतली. मी हे फार उशिरा शिकलो. विशीत असताना मी चर्चमध्ये पेटी वाजवायचो ना, तेव्हा प्रभुभोजनाच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये एवढ्या हरकती घ्यायचो की लोकांना कळायचंच नाही पुढचं कडवं कधी धरायचं. एकदा बाहेर चपला घालताना एक आजी म्हणाल्या, "आज तुझी पेटी छान झाली हं, गाणं राहिलं." इतका राग आला होता... महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही.

म्हणून सोनेरी रंग जपून वापर. यशया 53 देवाच्या सेवकाबद्दल, म्हणजे आपण ज्याला येशू मानतो त्याच्याबद्दल, सांगतो की त्याला रूप नव्हतं, बघत राहावं असं काही नव्हतं. आणि पुनरुत्थानानंतरही येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होतेच, त्याच्या शिष्याने, थोमाने, तेच तर बघायला मागितले. तुझ्या स्केचमध्ये येशूचे हात एकदम गुळगुळीत आहेत, फेअरनेस क्रीमच्या जाहिरातीसारखे. सॉरी, पण आहेत.

आणि "आपल्यासारखे चेहरे काढले तर लोक काय म्हणतील" ही भीती सोड. चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (1902–1967) मूळचे गोव्याचे, शांतिनिकेतनात शिकले, मरिया साडीत रंगवली म्हणून गोव्यात टीका झाली, आणि मग इथे पुण्यात आपल्या शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं तेव्हाही सगळे खूश नव्हतेच, आता आपण टाळ घेऊन तीच भजनं गातो.

फ्लेक्सची ऑर्डर मी थांबवायला लावलीय, दहा दिवस मिळालेत. कापड साधं मांजरपाट घे, खर्च निम्मा होईल, धान्यासाठी पैसे पण उरतील. शनिवारी चारला पंचहौदच्या चर्चमध्ये ये, आधी हाताची दहा-बारा स्केचेस करू, मॉडेल म्हणून माझेच हात घे, पेटीने वाकडी झालेली बोटं आहेत, गुळगुळीत अजिबात नाहीत.

तुझा,
पेटीवाले काका