दहा बुधवार कुठे गेले?

मिल्टन कीन्सहून एका आईचं पत्र आलंय. लेक एकोणीस वर्षांची. ए-लेव्हल्स (आपल्याकडची बारावी) झाल्यावर २०२४ च्या सप्टेंबरात तिने अकाउंटिंगची डिग्री अप्रेंटिसशिप धरली. नोकरी एका ऑडिट फर्ममध्ये, पदवी विद्यापीठाची आणि जोडीला चार्टर्ड अकाउंटंटचे पेपर. आधी टॅक्समध्ये होती, जानेवारीत तिला ऑडिटला टाकलं. मार्चमध्ये एका पेपरात नापास झाली आणि विद्यापीठाची एक असाइनमेंटही उशिरा गेली. आई लिहितात, "रात्री साडेदहाला येते, ओट्याशी उभ्याउभ्या जेवते आणि लॅपटॉप उघडते. तिचे बाबा पुण्यात सीए झाले. ते म्हणतात, आम्ही आर्टिकलशिपची उमेदवारी करून पहाटे चारला उठून अभ्यास केला, हिला काय धाड भरलीय? मला वाटतं, हे सोडून तिने सरळ युनिव्हर्सिटीत जावं. दोघांत कोण बरोबर?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मधल्या एका ओळीवर अडकले. "बुधवार तिचा अभ्यासाचा दिवस असतो, पण जानेवारीपासून तो काही तिला मिळालेला नाही." तुम्ही हे जाता जाता लिहिलंत. मला मात्र सगळं दुखणं तिथेच दिसतंय. जानेवारी ते मार्चची परीक्षा, म्हणजे साधारण दहा बुधवार. दिवसाला साडेसात तास धरले तर ७५ तास. एवढा वेळ हातातून गेल्यावर हुशार मुलगीसुद्धा नापास होते.

हा वेळ म्हणजे फर्मची मेहेरबानी नव्हे. इंग्लंडमध्ये अप्रेंटिसशिपला सरकारी पैसा मिळतो तो एका अटीवर. प्रशिक्षण पगारी कामाच्या वेळेतच झालं पाहिजे, त्याला ऑफ-द-जॉब ट्रेनिंग म्हणतात. पूर्वी एकूण कामाच्या २० टक्के असा हिशेब होता, ऑगस्ट २०२२ पासून पूर्णवेळ कामाला आठवड्याला सरासरी ६ तास झाला. ऑगस्ट २०२५ नंतर लागलेल्यांसाठी प्रत्येक कोर्सचे किमान तास ठरवून दिलेत, पण तुमच्या लेकीला सहा तासांचाच नियम. यात 'सरासरी' हा शब्द महत्त्वाचा. घाईच्या दिवसांत दोन बुधवार गेले तर चालतं, पण ते पुढे भरून द्यावे लागतात. कधी वर्ग कामाच्या वेळेबाहेर घ्यावाच लागला तर तिची संमती हवी आणि बदल्यात सुट्टी किंवा पैसे. स्कॉटलंड-वेल्समध्ये व्यवस्था वेगळी आहे, तिकडच्या वाचकांनी हे तसंच्या तसं लावू नये.

आता तिच्या बाबांविषयी. मी स्वतः लक्ष्मी रोडवरच्या एका छोट्या फर्ममध्ये आर्टिकलशिप केली. ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटची मुदत, रात्री अकराला ऑफिसातून निघायचं, सगळं आठवतं. पण आणखीही एक आठवतं, जे आपण मुलांना सांगताना गाळतो. परीक्षेआधी आम्ही महिनोन्‌महिने रजेवर होतो. तेव्हाच्या नियमाने केलेल्या सेवेच्या एक षष्ठांश रजा मिळायची, ती साठवून साठवून फायनलच्या आधी घ्यायची. पहाटे चारला उठलो हे खरं, पण उठून ऑफिसला जायचं नव्हतं. तुमच्या लेकीचा अभ्यास चार वर्षांच्या बुधवारांमध्ये वाटून टाकलाय. तिला साठवायला काही नाही. बुधवार गेला की गेला. शिवाय आमच्यावर परीक्षा एकाच संस्थेची होती. हिला फर्म, विद्यापीठ आणि चार्टर्ड इन्स्टिट्यूट अशा तीन दारांशी हजेरी लावायचीय, आणि तिघांची कॅलेंडरं एकमेकांना विचारून बनत नाहीत. पुष्कळ कंपन्यांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, म्हणून जानेवारी ते मार्च ऑडिटचा बिझी सीझन. आणि नेमकी मार्चमध्येच परीक्षा.

हे तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा. ते सीए आहेत, तेव्हा आकडे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतील.

मग करायचं काय? ऑडिटमध्ये प्रत्येक तास टाइमशीटवर कोड घालून लिहावा लागतो, क्लायंटचा कोड वेगळा, ट्रेनिंगचा वेगळा. तिला म्हणावं, जानेवारीपासूनच्या टाइमशीट उघड आणि प्रत्येक बुधवारसमोर काय लिहिलंय ते बघ. माझी भीती अशी की काही बुधवारी ती क्लायंटकडे होती, पण मॅनेजरला वाईट वाटू नये म्हणून तिने ट्रेनिंगचाच कोड टाकला असेल. नवीन मुलं हे करतात, मी पाहिलंय. मग कागदोपत्री सगळं आलबेल दिसतं आणि नापास होण्याचा दोष तिच्या एकटीच्या माथी येतो. तसं झालं असेल तर तिने ते स्वतःहून सांगून दुरुस्त करून घ्यावं. ज्या व्यवसायात पुढे दुसऱ्यांचे हिशेब तपासायचे, तिथे स्वतःची टाइमशीट खरी असलेलीच बरी.

हा कागद आणि सुरुवातीला सही केलेला ट्रेनिंग प्लॅन घेऊन तिने लाइन मॅनेजर आणि ट्रेनिंग प्रोव्हायडरच्या (प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या) कोचसमोर बसावं. तिघांची आढावा बैठक साधारण तीन महिन्यांनी व्हायलाच हवी, पण तोवर थांबू नये, आधी मागून घ्यावी. तक्रारीचा सूर नको. "परीक्षेआधीचे इतके बुधवार क्लायंटकडे गेले, ते कधी भरून मिळतील?" एवढंच विचारायचं आणि उत्तर त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवायचं. तुम्ही किंवा तिच्या बाबांनी मॅनेजरला फोन करू नये. तुमचा जीव तुटतो हे कळतं, पण त्या एका फोनने ती ऑफिसात लहान होऊन बसेल.

राहिलेला पेपर जूनमध्ये द्यावा की सप्टेंबरमध्ये? मे-जूनमध्ये तिची विद्यापीठाची परीक्षा असेल तर मी सप्टेंबर म्हणेन. त्याआधी करार मात्र नीट वाचा. काही फर्म एकाच पेपरात दोनदा नापास झालं की नोकरीचा फेरविचार करतात.

आणि सोडण्याबद्दल. ती खरंच खचली असेल, झोप उडाली असेल, तर आधी जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) न्या. ब्रेक इन लर्निंग घेऊन काही महिने थांबताही येतं. पण निव्वळ रागाने सोडू नका. पूर्णवेळ विद्यापीठात गेली तर २०२५-२६ ची फी वर्षाला ९,५३५ पौंड, तीही 'होम' फी, म्हणजे इथल्या कायम रहिवाशांची. तुम्ही अजून वर्क व्हिसावर असाल, आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) झालं नसेल, तर सहसा आंतरराष्ट्रीय फी लागते, ती याहून बरीच जास्त. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७, म्हणजे मास्टर्सच्या पातळीच्या, अप्रेंटिसशिपला सरकारी पैसा मुख्यतः १६ ते २१ वयात सुरू करणाऱ्यांनाच मिळतो. पदवी घेऊन ती बाविसाव्या वर्षी चार्टर्डकडे वळली तर खर्च फर्मने स्वतःच्या खिशातून करायचा. आज तिच्या हातात जे आहे ते तेव्हा असंच मिळेल, याची खात्री देता येत नाही. उलट आत्ता सोडलं तर फर्म प्रशिक्षणाचे पैसे परत मागेल ही भीती मात्र मनातून काढा. अप्रेंटिसकडून प्रशिक्षणाचा खर्च घ्यायला नियमानेच मनाई आहे, मध्येच सोडलं तरी.

शेवटी तुम्ही विचारलंय, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाशिकला मामेभावाचं लग्न आहे, तिकिटं काढू का? या कोर्समध्ये मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरला पेपर असतात, आणि डिसेंबरचे पेपर महिन्याच्या सुरुवातीलाच येतात. तुमची दोघांची तिकिटं काढा. तिचं तिकीट तिने तारखा बघून सांगितल्यावर. आणि ती आली नाही तर नाशिकला फोन तुम्ही करा, तिला करायला लावू नका.