क्राइस्टचर्च कॉलचा (दहशतवादी व्हिडिओ नेटवर पसरू द्यायचे नाहीत, हे देशांनी आणि इंटरनेट कंपन्यांनी दिलेलं वचन) खरंच काही उपयोग झाला का, की नुसत्या सह्या?

झाला, पण मर्यादित. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवरच्या हल्ल्यात ५१ माणसं गेली, हल्लेखोराने ते फेसबुकवर लाइव्ह दाखवलं, आणि २४ तासांत त्या व्हिडिओच्या १५ लाख कॉप्या काढून टाकल्या असं फेसबुकनेच सांगितलं, म्हणून दोन महिन्यांत न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान आर्डर्न आणि फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी पॅरिसमध्ये देश आणि कंपन्यांना एकत्र बसवलं (भारतही आहे त्यात). मग घाईच्या वेळी काय करायचं ते ठरलं: एका कंपनीने असा व्हिडिओ पकडला की त्याचा डिजिटल ठसा म्हणजे हॅश बाकीच्यांना जातो, तोच व्हिडिओ तिकडे अपलोड होतानाच अडतो. ऑक्टोबर २०१९ ला जर्मनीत हाले शहरातल्या सिनेगॉगवर (ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर) हल्ला झाला तेव्हा हे पहिल्यांदा वापरलं. फक्त सगळं ऐच्छिक आहे, दंडबिंड काही नाही, आणि जी साइट यात नाहीच तिला कोण विचारणार?