कामावर लागलं, घरी बसलो, आता पगाराचं काय? वाचकांचे प्रश्न

कारखान्यात अपघात होऊन घरी बसावं लागलं की ईएसआयकडून, म्हणजे वर्गणीवर चालणाऱ्या कर्मचारी राज्य विमा योजनेकडून, पगाराऐवजी जे पैसे मिळतात त्याला टीडीबी म्हणतात, म्हणजे तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ. त्याबद्दल तेच तेच गोंधळ पुन्हा पुन्हा येतायत, म्हणून यावेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतलेत.

प्रश्न (वाळूज): ऑगस्ट 2025 मध्ये पायावर लोखंडी प्लेट पडली, 42 दिवस घरी होतो. पगार 18,200, खात्यात 22,680 आले. मित्र म्हणतो आठवड्याचे पैसे कापलेत. खरंय का?

नाही, हिशोब बरोबर आहे. मित्राने अंदाजाने सांगितलंय. टीडीबी महिन्याच्या पगारावर नाही तर रोजच्या सरासरीवर मिळतो, आणि ही सरासरी अपघाताच्या महिन्याची नसते. जुलै ते डिसेंबरमध्ये अपघात झाला तर आधीचे ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने बघतात, जानेवारी ते जूनमध्ये झाला तर त्याआधीचे एप्रिल ते सप्टेंबर. तुमचे त्या सहा महिन्यांचे झाले 1,09,200, त्याला भागिले 182 दिवस म्हणजे रोजचे 600, आणि त्याचे 90 टक्के म्हणजे 540. आठवड्याचे 3,780, 42 दिवसांचे म्हणजे सहा आठवड्यांचे 22,680. यात रविवार, सुट्टी सगळं धरतात, म्हणून 7 ने गुणायचं, 6 ने नाही. दिवस आणि पगार कंपनीने भरलेल्या आकड्यांवरून घेतात, त्यामुळे तिथे चूक वाटली तर पगाराच्या स्लिपा घेऊन ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला जा.

प्रश्न (सातपूर): हे पैसे दर आठवड्याला आपोआप जमा होतात ना?

आपोआप काही होत नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट साधारण सात सात दिवसांचं मिळतं, ते आणि क्लेमचा फॉर्म दिला की तेवढ्या दिवसांचे पैसे बँकेत येतात. तारीख चुकवू नका, मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मागत बसायची वेळ येते.

प्रश्न (बुटीबोरी): कामाला लागून अकराच दिवस झाले होते. मला मिळेल?

हो. कामावरच्या अपघाताला किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. फक्त अपघाताचा दिवस सोडून किमान 3 दिवस तुम्ही कामाला असमर्थ असायला हवं.

प्रश्न (चाकण): भाऊ पॉवर प्रेसवर हेल्पर आहे, दोन बोटं गेली. सुपरवायझरने स्वतःच्या गाडीतून खाजगी दवाखान्यात नेलं, बिल कंपनीने भरलं. आता म्हणतात रिपोर्ट करायची गरज नाही, आजारपणाची रजा टाक, पैसे ईएसआयकडूनच येतात, एकच आहे. करू का तसं?

नका करू. हात जोडून सांगते, नका करू. एकच नाहीये ते!

आजारपणाच्या लाभात 70 टक्के मिळतात आणि तेही वर्षात 91 दिवसच, शिवाय वर्गणीची अट आहे. टीडीबीला 90 टक्के मिळतात आणि डॉक्टर फिट म्हणेपर्यंत मिळतात. म्हणजे वरच्याच 600 रुपयांच्या उदाहरणात आठवड्याला 2,940 की 3,780 एवढा फरक. पण मला काळजी आठवड्याच्या 840 रुपयांची नाही, पुढची आहे. बोट परत येत नाही. जखम भरली की मेडिकल बोर्ड कायमचं अपंगत्व किती ते ठरवतं. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली असतील तर कायद्याच्या तक्त्यात 20 टक्के आहेत, म्हणजे 540 चे 20 टक्के, रोजचे 108 रुपये, आणि ते आयुष्यभर. ही बोर्डाची वाट कामावरच्या अपघाताची नोंद असेल तरच उघडते. आजारपण दाखवलं की बोर्डापुढे जायला आधार काय उरतो?

माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता, जेमतेम विशीचा. उजव्या हाताला बँडेज, डाव्या हाताने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढत होता आणि ते सारखे खाली पडत होते. डिस्चार्ज कार्डावर निळ्या पेनने लिहिलेलं होतं, हिस्ट्री: फॉल ॲट होम. घरी पडला म्हणे. घरी पडून कुणाची बोटं प्रेसखाली जातात? त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, सोबत आलेल्या माणसाने डॉक्टरला सांगितलं आणि डॉक्टरने लिहिलं. त्या तीन शब्दांनी आम्हाला कित्येक महिने फिरवलं, साक्षीदार शोधायला लागले, ज्यांनी बघितलं होतं ते नोकरीच्या भीतीने बोलेनात.

म्हणून आजच्या आज हे करा. केसपेपरवर काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या, चुकीचं असेल तर डॉक्टरला भेटून दुरुस्त करायला सांगा. कंपनीच्या अपघात नोंदवहीत नोंद करायला सांगा, ती भावाच्या वतीने दुसऱ्यालाही करता येते. कंपनीने अपघाताचा रिपोर्ट, ज्याला फॉर्म 12 म्हणतात, तो पाठवायचा असतो, त्याची प्रत मागा. देत नसतील तर वाट बघू नका, ब्रँच ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, ते चौकशी करू शकतात. बिल कंपनीने भरलं म्हणून तुमचा हक्क संपत नाही. आणि युनियनच्या किंवा कामगार कायद्याच्या वकिलाला याच आठवड्यात भेटा, कुठल्याही कोऱ्या कागदावर सही करायच्या आधी.

प्रश्न (भोसरी): कामावर जाताना बाईक घसरली. हा कामावरचा अपघात धरतात का?

धरू शकतात, पण वेळ, रस्ता आणि काम यांचा संबंध दिसला पाहिजे. शिफ्टची वेळ, पंचिंगचं रेकॉर्ड, पोलिसांची नोंद जपून ठेवा. वाटेत दुसऱ्या कामाला वळला असाल तर आधी सल्ला घ्या.

प्रश्न (अंबड): टीडीबी चालू असताना मेव्हण्याच्या दुकानात बसलो तर चालेल? हलकंच काम आहे.

नाही. ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, आणि लपवलं तर वसुली येते.

प्रश्न (शिरोली): एजंट म्हणतो नवीन लेबर कोडमध्ये टीडीबी बंद झालाय, पण दहा टक्के दिले तर जुन्या नियमात बसवून देतो.

बंद झालेला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1948 चा ईएसआय कायदा तिच्यात गेला, कलमांचे आकडे बदलले, लाभ आहे. व्हॉट्सॲपवरचा मेसेज आणि एजंटचा शब्द यावर घरातले पैसे देऊ नका. ब्रँच ऑफिसात क्लेमला फी लागत नाही. आधार आणि पासबुक त्याच्याकडे ठेवलं असेल तर आधी परत आणा.

प्रश्न (इचलकरंजी): आमच्याकडे सहाच माणसं, ईएसआय नाही. हात मोडलाय. मालक म्हणतो तुला काहीच लागू नाही.

लागू आहे. ईएसआय नसेल तिथे भरपाई मालकाने स्वतः द्यायची असते, 1923 च्या कायद्यापासून हे चालत आलंय आणि नव्या संहितेतही आहे. इथे आठवड्याचा नाही, पंधरवड्याचा हिशोब असतो, दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के. असमर्थता 28 दिवस किंवा जास्त असेल तर पहिल्या दिवसापासून, कमी असेल तर सुरुवातीचे 3 दिवस सोडून. उपचाराचा खर्चही मालकाकडे. मोडलेला हात 28 दिवसांत क्वचितच बरा होतो, म्हणून बरं वाटतंय म्हणून विसाव्या दिवशी यंत्रमागावर उभे राहू नका, डॉक्टरच्या कागदाशिवाय तर नाहीच. दाव्याला 2 वर्षांची मुदत असते, पण मालक "दिवाळीनंतर बघू" म्हणत असेल तर थांबू नका. हजेरीची वही, पगार ज्या खात्यात येतो त्याचं पासबुक आणि एक्स-रे घेऊन वकिलाकडे जा, आणि सगळ्याचे फोटो आधी मोबाईलमध्ये काढून ठेवा.