सर, पोर्शन संपणार कसा?

(वाचकांचे प्रश्न, एका रिटायर्ड मास्तरची उत्तरं)

प्रश्न : सर, मी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर (सीएचबी) फिजिक्स शिकवते. एफवायला १२० मुलं, ४८ मिनिटांचा तास, त्यातली सात-आठ मिनिटं प्रेझेंटीत जातात. परवाच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं की लेक्चर बंद करा, मुलांना ॲक्टिव्ह करा. आमची बाकडी फरशीला ठोकलेली, प्रोजेक्टर दिवाळीपासून बंद, आणि पोर्शन राहिला तर एचओडी मलाच विचारणार. लेक्चर खरंच इतकं वाईट असतं का?
– एक सीएचबीवाली

उत्तर : मॅडम, लेक्चर बंद करा हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी ते दीड तासाचं लेक्चर देऊनच सांगितलं असणार, पीपीटी लावून. आम्हीपण असली ट्रेनिंगं केलीयेत, चहा-बिस्किट आणि सर्टिफिकेटसकट.

पण गंमत बाजूला ठेवली तर त्यांचं म्हणणं हवेतलं नाहीये. २०१४ मध्ये अमेरिकेत स्कॉट फ्रीमन आणि मंडळींनी सायन्स, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या कॉलेजातल्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून बघितले, तर नुसतं लेक्चर चालतं त्या वर्गात नापास होणारे सरासरी ३३.८ टक्के आणि जिथे पोरांना वर्गातच डोकं चालवायला लावतात तिथे २१.८ टक्के. शंभरात बारा पोरांचा फरक, म्हणजे केटीचा (राहिलेला विषय परत द्यायचा) फॉर्म भरायच्या लायनीतली बारा पोरं कमी, हे काय थोडंय का.

तुमच्यासाठी मला जास्त आवडतं ते उदाहरण कॅनडाचं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात फिजिक्सच्याच पहिल्या वर्षाच्या दोन मोठ्या तुकड्या, प्रत्येकी अडीचशेच्या वर मुलं. एका तुकडीला अनुभवी, मुलांचा लाडका प्राध्यापक नेहमीसारखं शिकवत राहिला. दुसरीला आठवडाभर नवखी माणसं दिली, पण त्यांनी भाषण न देता प्रश्न, चर्चा, लगेच खुलासा असं चालवलं. नंतरच्या चाचणीत पहिल्या तुकडीला सरासरी ४१ टक्के, दुसरीला ७४. हे २०११ मध्ये छापून आलं, आणि त्यामागे कार्ल वीमन होते, ज्यांना आधीच फिजिक्सचं नोबेल मिळालेलं. म्हणजे मॅडम, वक्तृत्व नाही, अनुभव नाही, पर्मनंट नाही म्हणून मागे राहायचं काही कारण नाही.

आता माझी फजिती सांगतो. मी तीसेक वर्षं न्यूटनचे नियम शिकवले, आणि चांगले शिकवतो अशी माझी ख्याती होती (पसरवण्यात माझाही थोडा हात होता). एकदा असाच वैतागून एफवायच्या वर्गाला विचारलं, चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटलाय, अजून वर चाललाय, हवेचा विरोध सोडून द्या, तर त्याच्यावर कुठले फोर्स आहेत? अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणाला, गुरुत्वाकर्षण आणि शिवाय "हातानं दिलेला जोर", तो हळूहळू संपतो म्हणून चेंडू खाली येतो. खरं तर हात सुटल्यावर फक्त गुरुत्वाकर्षण उरतं. तिन्ही नियम पाठ, न्यूमरिकल बरोबर, आणि डोक्यात हे! लेक्चरची खरी गोची इथेच आहे, पोरगं मान डोलावतंय म्हणजे त्याच्या आत काय चाललंय ते फळ्याजवळून दिसतच नाही.

मग मी जे करायला लागलो ते हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझुर यांचं, ९०च्या दशकात त्यांनी हे सुरू केलं. दहा-बारा मिनिटं शिकवायचं आणि थांबायचं. फळ्यावर एक प्रश्न, चार पर्याय. चुकीचे पर्याय मनाचे लिहू नका, पोरांच्या पेपरातल्या खऱ्या चुका उचला, गेल्या वर्षीच्या इंटरनलच्या गठ्ठ्यात खजिना असतो. एक मिनिट कोणी बोलायचं नाही. मग सगळ्यांनी एकदम छातीजवळ बोटं धरायची, एक ते चार, म्हणजे शेजारच्याचं बघून बदलता येत नाही. क्लिकर (बटण दाबून उत्तर द्यायचं यंत्र) बिकर काही लागत नाही. तुम्ही नुसती नजर फिरवायची. साधारण सत्तर टक्क्यांच्या वर बरोबर असतील तर दोन वाक्यात खुलासा करून पुढे चला, तिसाच्या खाली असतील तर चर्चेचा उपयोग नाही, तुम्हालाच परत सांगावं लागेल. मधले असतील तर सांगायचं, शेजारच्याचं उत्तर वेगळं आहे ना, त्याला पटवून दे, दोन मिनिटं. मग परत बोटं. बाकडी ठोकलेली असली तरी मागे वळता येतंच की, पोरं एरवीपण वळतातच.

आणि हे छोट्या वर्गातच जमतं असं समजू नका. आयआयटी मुंबईत प्रोग्रामिंगच्या शेकडो मुलांच्या वर्गात आधी एकट्यानं विचार, मग जोडीनं, मग सगळ्या वर्गात, असं चालवून बघितलं, तेव्हा सरासरी ८३ टक्के मुलं खरंच कामात गुंतलेली दिसली. १२० मुलांच्या वर्गात आपलं लेक्चर किती जण ऐकतात याचा आकडा मी कधी मोजला नाही, हिंमत झाली नाही.

राहिला पोर्शन. एक तास घड्याळ लावून बघा की डिक्टेशनमध्ये किती वेळ जातो. माझी वीस मिनिटं जायची, पुस्तकात जे छापलंय तेच. युनिव्हर्सिटीच्या पेपरात डेरिव्हेशन येतं तोवर ते सोडता येणार नाही, कबूल, पण त्याची झेरॉक्स द्या आणि मधल्या तीन पायऱ्या कोऱ्या ठेवा, त्या वर्गात भरायच्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तरी चालेल. सुरुवातीला आठवड्यातला एकच तास असा करा. सगळा डोलारा एकदम बदलायला गेलात तर पंधरा दिवसांत परत डिक्टेशनवर याल, मी आलो होतो.

आणि लेक्चर वाईट नाही हो, त्याची वेळ चुकते. १९९८ मध्ये श्वार्ट्झ आणि ब्रॅन्सफर्ड यांनी कॉलेजच्या मुलांना आधी प्रयोगांची आकडेवारी देऊन त्यातला फरक स्वतः शोधायला लावला आणि मग लेक्चर दिलं. ज्यांनी आधी धड्याचा सारांश लिहून तेच लेक्चर ऐकलं त्यांच्यापेक्षा या मुलांना नव्या प्रयोगात काय होईल ते जास्त चांगलं सांगता आलं. चेंडूच्या प्रश्नावर वर्ग दोन मिनिटं भांडला की मग तुम्ही दहा मिनिटं बोला, बघा कशी ऐकतात.

प्रश्न : सर, आमचे एक सर शिकवतच नाहीत, ग्रुप करा, डिस्कस करा म्हणतात आणि मोबाईल बघत बसतात. दुसरे सर एवढं भारी शिकवतात की सगळं डोक्यात जातं. फी भरून आम्हीच आमचं शिकायचं का?
– एसवायचा विद्यार्थी

उत्तर : अरे बाबा, मोबाईल बघत बसणं ही पद्धत नाही, तो ऑफ तास झाला. प्रश्न नेमका नाही, सर बाकांमधून फिरत नाहीत, शेवटी बरोबर काय ते कोणी सांगत नाही, तर ती चर्चा कॅन्टीनमध्येपण होते आणि तिथे वडापाव तरी मिळतो. तुझी तक्रार रास्त आहे, चार-पाच जण मिळून सरांना नीट सांगा, भांडू नका.

पण त्या भारी सरांबद्दल जरा सावध राहा. हार्वर्डलाच २०१९ मध्ये एक प्रयोग छापून आला, फिजिक्सचाच. मजकूर तोच, फक्त काहींना सफाईदार लेक्चर आणि काहींना गटात बसून गणितं सोडवायला लावली, पुढच्या टॉपिकला अदलाबदल. चाचणीत गटात झगडलेली मुलं पुढे, पण "आज किती शिकलो असं वाटतं" विचारलं तर लेक्चरवाली म्हणाली आम्ही जास्त शिकलो. ऐकताना सोपं वाटतं म्हणून आलं असं वाटतं, आणि स्वतः करताना घाम फुटतो म्हणून काहीच आलं नाही असं वाटतं. (वरच्या मॅडम, हे तुम्हीपण वाचा, पहिल्या महिन्यात पोरं कुरकुर करणार, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना हे सांगून टाका.)

तू एक कर, भारी सरांचा तास झाला की वही बंद करून कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिही. पान भरलं तर सरांना माझा नमस्कार सांग.

प्रश्न : मी मराठी शिकवतो. कवितेला काय बोटं वर करायला लावू?
– एक वैतागलेला प्राध्यापक

उत्तर : नका लावू. कविता दोनदा मोठ्यानं वाचा, चांगली वाचा, कारण तेवढं लेक्चर मोबाईलवर मिळत नाही. कवीचं नाव, काळ, प्रवाह काही सांगू नका. प्रत्येकाला विचारा, यातली एक ओळ काढायची तर कुठली काढशील आणि का, पाच मिनिटं लिहू द्या, मग दोघंतिघं उठवा, शक्यतो वेगवेगळी ओळ काढणारे. वाद पेटेल. आशय सांगायचा तो शेवटच्या दहा मिनिटांत, आणि तेवढ्यात बेल झाली तर राहू द्या, उद्या सांगा.