वाचकांचे प्रश्न : संरक्षण प्रयोगशाळेत अप्रेंटिसशिप

प्रश्न : मुलीचा मेकॅनिकल डिप्लोमा नुकताच झाला. पाषाणच्या एआरडीईत किंवा दिघीच्या आर अँड डीई (इंजिनिअर्स) मध्ये अप्रेंटिसशिप मिळेल का? अर्ज कुठे करायचा? – एक पालक, हडपसर

उत्तर : मिळू शकते. या दोन्ही प्रयोगशाळा डीआरडीओच्या, म्हणजे केंद्राच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या; एआरडीईत काम शस्त्रास्त्रांचे, आर अँड डीईत लष्करी अभियांत्रिकी सामग्रीचे. सुतारवाडीची एचईएमआरएलही त्यातलीच, पण तिथे भर स्फोटके आणि प्रणोदकांवर (रॉकेटच्या इंधनांवर), म्हणजे केमिकलवाल्यांना जास्त वाव. डिग्री-डिप्लोमावाल्यांनी आधी नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करावी; आयटीआयवाल्यांचे पोर्टल वेगळे. नुसत्या नोंदणीने काही होत नाही. प्रयोगशाळेची जाहिरात आली की त्यात सांगितल्याप्रमाणे अर्ज करायचा.

अडते ते बहुधा कागदपत्रांत. गुणपत्रिकेवर ‘पाटील स्नेहल’ आणि आधारवर ‘स्नेहल पाटील’ असेल, तर पडताळणीत खोळंबा होतो. आधी आधार दुरुस्त करा. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर विद्यावेतनातला सरकारी वाटा अडकतो. पोलीस पडताळणीचा दाखला मागतात, त्याला वेळ लागतो. आधी कुठे अप्रेंटिसशिप केली असेल किंवा वर्षभराचा अनुभव असेल, तर सहसा पात्रता जाते. तेव्हा मधल्या काळात घाईने नोकरी धरू नका.

कॉलेजात शिकत असतानाची इंटर्नशिप ही निराळी गोष्ट. तिच्यासाठी कॉलेजचे पत्र लागते. आत मोबाइल चालत नाही, ड्रॉइंग बाहेर नेता येत नाही आणि प्रकल्प अहवाल प्रयोगशाळेने तपासल्याशिवाय कॉलेजात देता येत नाही, म्हणून सबमिशनच्या बऱ्याच आधी तो प्रयोगशाळेतल्या गाइडकडे द्यावा. आणि अप्रेंटिसशिपचे वर्ष संपल्यावर कायम नोकरीची हमी नाही.